मुकी शिकवणी

गावठणाच्या बँडमध्ये नवा पोरगा घ्यायचा म्हणजे इसिडोर मास्तर आधी त्याच्या खालच्या ओठावर भाताचं तूस ठेवायचे.

"थुंक. तोंड फाडून नाय. शेजाऱ्याला कळता नये असा थुंक."

तूस सरळ समोर उडालं तर पोरगा कॉर्नेटला, म्हणजे आखूड पितळी कर्ण्याला, हनुवटीवर घरंगळलं तर ड्रमला. हसू फुटलं तर घरी, आणि पुढच्या रविवारी पुन्हा अंगणात.

जानेवारीतल्या त्या रविवारी दुपार उतरता उतरता हेच चाललं होतं. मरोळच्या त्या कोपऱ्यात पूर्वी हाक मारली की शेतापलीकडून उत्तर यायचं. आता शेतांच्या जागी कारखान्यांची पत्र्याची छपरं होती आणि उत्तर भोंगे द्यायचे. मास्तरांची मुलगी एथेल पायरीवर बसून पार्ल्याच्या शाळेतल्या पोरींचे निबंध तपासत होती. तिचा कान अंगणात होता, पण मान काही वर होत नव्हती. ही तिची लहानपणापासूनची सवय.

"दादा," बिग ड्रमवर कोपर टेकून बसलेले रुडॉल्फ काका म्हणाले, "हा चर्चचा बँड हाय की धर्मशाळा? भिंतीमागच्या चाळीतली पोरं भरायला लागलास."

"आपल्या पोरांची टेरिलीनची पँट मळते. तुझा कुठाय?"

"क्रिकेटला गेलाय."

"बरं. मी मेलो की त्याला बॅट घेऊन पुढे चालायला सांग."

पोरं खिदळली. रुडॉल्फ काकाही दुखरा गुडघा चोळत हसले. ते मास्तरांचे धाकटे भाऊ, जुन्या बँडमधले अंगणात उरलेले एकटेच. बाकीचे कुणी कुवेतला, कुणी बहारीनला, कुणी कारखान्याच्या पाळ्यांत अडकलेले, आणि राहिलेले कबरस्तानाच्या भिंतीपलीकडे. नवी फळी सहासात पोरांची. त्यांना दोनच गाणी येत होती. लग्नाआधी विहिरीवर उंबराचं पाणी आणायला जातात तेव्हाचं एक, आणि पाणी घेऊन परततानाचं दुसरं. ईस्टरआधीचा उपासाचा महिना लागायच्या आत गावात दोन लग्नं होती, तेवढ्यापुरती ही पुंजी चालून जाणार होती.

चालायचं शिकवायला मास्तर त्यांना विकायच्या राहिलेल्या शेताच्या एकुलत्या, भाजीला पाणी सोडलेल्या पट्ट्यावर न्यायचे आणि बांधावरून एकामागे एक चालवायचे. खाली बघायचं नाही. "बांध पायाला सापडतो, डोळ्याला नाय," म्हणायचे. चिखलात पडेल त्याने उठून शेपटीला जायचं. त्या दिवशी जुळ्या भावांपैकी एक पडला आणि त्याला हात द्यायला गेलेला दुसराही पडला. दोघंही शेपटीला. आता सगळे अंगणात परत येऊन गुडघ्यापर्यंतच्या चिखलासकट रांगेत उभे होते.

"चला. कोण कोण हाय?"

वाजवायला उभं राहिलं की मास्तर नावं घ्यायचे नाहीत. एवढंच विचारायचे, आणि रांगेच्या शेपटीपासून एकेकाने सांगायचं.

"मी हाय."

"मी हाय."

"मी हाय, मास्तर."

लहानपणी एथेल याच पायरीवर बसून, सगळ्यांचं झालं की ओठांच्या आत तेच म्हणायची. पण प्रश्न रांगेला असायचा, पायरीला नसायचा.

शेवटचा आवाज सगळ्यात पुढच्या धाकूचा. चौदा-पंधराचं पोर. त्याची आई कुंदा कोकणातून आलेली, कारखान्याच्या कँटीनमध्ये भांडी घासायची. कबरस्तानाच्या भिंतीला लागून जी चाळ होती, तिच्या टोकाच्या खोलीत मायलेक राहायचे. धाकूचं तूस पहिल्याच दिवशी विहिरीच्या काठापर्यंत उडालं होतं. मास्तरांनी त्याच्या हातात गिल्बर्टचं कॉर्नेट दिलं तेव्हा त्यांची बहीण लूर्डस भावाशी बोलेनाशी झाली होती.

गिल्बर्ट म्हणजे एथेलचा धाकटा भाऊ. बहारीनला जाताना 'वर्षा-दोन वर्षांत येतो, कॉर्नेटला तेल देत राहा' असं सांगून गेला होता. दर नाताळात तो पुढच्या वर्षी येतो म्हणून कळवायचा, आणि घरातले सगळे, एथेलसुद्धा, ते पुढचं वर्ष जेवताना मिठाची बशी सरकवावी तसं एकमेकांकडे सरकवायचे.

ज्युलिया, एथेलची आई, उकडलेले चणे आणि चहा घेऊन बाहेर आली. रांग मोडली. पोरं बशीवर तुटून पडली, आणि तेवढ्यात विहिरीजवळून कॉर्नेट वाजलं.

ते लग्नातलं गाणं नव्हतं. पहिला सूर लांब आला. दुसरा त्याच्याखाली उतरला, तिसरा त्याहून खाली. एथेलच्या हातातली लाल पेन्सिल कागदावर तशीच थांबली. ज्युलियाच्या बशीतले चणे अंगणभर झाले. समोरच्या घराची खिडकी धाडकन लागली आणि लूर्डस आत्या कपाळ, छाती, खांदे असा क्रूस काढत धावतच बाहेर आली.

"बंद कर! बंद कर मेल्या ते! कोणाला दार दाखवतोस?"

धाकूने कॉर्नेट ओठांवरून काढलं. आपण काय केलं ते त्याला कळलं नव्हतं.

त्या गाण्याला गावठणात नाव नव्हतं. 'ते' म्हणायचे. घरातून मयताची पेटी उचलली की बँडने ते वाजवायचं आणि कबरस्तानाच्या फाटकात थांबवायचं. एरवी गावात ते फुंकायचं नाही. फुंकलं तर मरण त्या आवाजाच्या वाटेने घर शोधत येतं, असं पणजीपासून चालत आलेलं. मग शिकायचं कसं? तर मुकं. शिकवणाऱ्याने शिकणाऱ्याच्या हातावर, कोपराच्या खाली, तीन बोटांनी कॉर्नेटची तीन बटणं दाबावीत तसं दाबत जायचं. सूर मनात धरायचा. बँडमधला प्रत्येक जण ते असं दुसऱ्याच्या बोटांतून शिकलेला, आणि पहिल्यांदा ऐकलेलं कुणातरी आपल्या माणसाच्या मागे चालताना.

मास्तरांनी बहिणीला हाताने गप्प केलं. "इकडे ये. कोणी शिकवलं तुला?"

"कोणी नाय. भिंतीपलीकडून येतं ना ते," धाकू म्हणाला. "पेटी आली की तुम्ही वाजवता. मी खिडकीत असतो. तुमच्या सगळ्यात झकास गाणं तेच हाय. मला वाटलं, तुम्हाला आवडेल."

मास्तरांनी कॉर्नेटच्या तोंडावर पंजा ठेवला.

"आवडलं. पण गावात फुंकायचं नाय. पेटी उचलल्याशिवाय नाय. तुझी पाळी आली की मी हातावर शिकवीन."

"आवडलं म्हणे!" लूर्डस आत्या कडाडली. "कोणावर आणलंय याने, ते बघ आधी."

"तू कशाला घाबरतेस गं? तुझ्याआधी माझा नंबर," मास्तर म्हणाले. पोरं हसली नाहीत. मग त्यांनी त्या दिवसाची शिकवणी तिथेच संपवली.

दिवेलागणीला तिघं पायरीवर बसली होती. ज्युलिया चणे वेचून आणलेल्या ताटात खडे शोधत होती.

"पोराने सगळं बरोबर उचललंय," मास्तर म्हणाले. "फक्त तिसरा सूर लवकर सोडतो. धरायला पाहिजे. माणसाला खाली ठेवताना घाई करतात का?"

बोलता बोलता त्यांचा उजवा हात एथेलच्या डाव्या हातावर आला आणि तीन बोटं चालू लागली. त्यात नवल काही नव्हतं. एथेल पाढे पाठ करायची त्या वयापासून मास्तर शेजारी बसून डोक्यातलं गाणं तिच्या हातावर वाजवायचे, आणि ती सातचा पाढा न चुकता म्हणत राहायची. आता ती चौतीस वर्षं ओलांडलेली शिक्षिका होती. कपाटभर पुस्तकं वाचून झाली होती, दोन स्थळं परत गेली होती, आणि हात तिथेच होता. तिसऱ्या सुराला बोट थांबलं, उठलं, पुन्हा तिथेच आलं. धाकूची चूक ते दुरुस्त करत होते.

"माझ्यामागे हे कोणाच्या हाती द्यायचं?" ते म्हणाले.

"गिल्बर्ट येईल की पुढच्या वर्षी," ज्युलिया म्हणाली.

"हं."

मास्तरांनी रिकाम्या अंगणाकडे पाहिलं. मग थट्टेत बोलावं तसं, पण जरा हळू, त्यांनी विचारलं, "कोण कोण हाय?"

एथेलच्या तोंडाशी उत्तर आलं होतं. पण थट्टेला असं उत्तर द्यायचं का, हे तिला ठरवता येईना. तिने चहाचे कप उचलले आणि ती आत गेली.

सोमवारी सकाळी मास्तर विहिरीजवळच्या दगडावर आरसा टेकवून दाढी करायला बसले आणि अर्धीच झाली. डॉक्टर आले, त्यांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं. उरलेली अर्धी दाढी रुडॉल्फ काकांनी केली. गाल हलका ताणून, पातं पुसत. मग वस्तरा धुऊन जागच्या जागी ठेवला आणि गिल्बर्टला तार करायला पोस्टात गेले.

मंगळवारी सकाळपर्यंत तारेला उत्तर नव्हतं. पुढच्या खोलीत बर्फाच्या लाद्यांवर फळी, फळीवर मास्तर, बँडचा निळा कोट घालून. खाली परातीत पाणी टपकत होतं. शेजारच्या बाया जपमाळ संपवून स्वयंपाकघरात गेल्या आणि घरची चारच माणसं उरली. फादरनी संध्याकाळी चारची वेळ दिली होती.

"स्टेशनाकडचा बँड सांगून येतो," रुडॉल्फ काका म्हणाले. "लाल कोटवाले. चार वाजता दारात हजर."

"सिनेमाची गाणी वाजवणारे?" ज्युलिया म्हणाली.

"त्यांना सगळं येतं, वहिनी. आपल्या पोरांना काय येतं? उंबराचं पाणी! दादाला काय नवरदेव करून नेऊ?" त्यांचा आवाज फुटला. "सगळ्या गावाला पोचवलं त्याने. मरोळ, चकाला, कोंदिविटा, एक पेटी चुकवली नाय. आणि त्याच्यापुढे कोण चालणार? चिखलात पडणारी चिल्लीपिल्ली?"

"आणि तो भिंतीमागचा तर दारात नको," लूर्डस आत्या म्हणाली. "त्यानेच बोलावलं. रविवारी फुंकलं, सोमवारी दादा गेला. आणखी काय पाहिजे?"

"आत्या, तो लहान आहे," एथेल म्हणाली.

"लहान आहे, लहान आहे! पार्ल्याला जाऊन तुझी जीभच गेली तिकडे. इथल्या गोष्टी तुला काय कळणार?"

"गिल्बर्टला येऊ दे," ज्युलिया मध्येच म्हणाली. ती नवऱ्याच्या कोटाची बटणं उगाच सारखी करत होती. "आणखी बर्फ आणा. तो आला की कॉर्नेट घेईल. मग कोणी नको. ना लाल कोट, ना कोणाची पोरं."

रुडॉल्फ काकांनी आत्याकडे पाहिलं, आत्याने मान हलवली. रात्रीपासून एकमेकांवर फिस्कारणारी ती दोघं एका क्षणात एक झाली.

"बरोबर बोललात वहिनी. एक दिवस थांबू. मी फादरना सांगतो."

"मुलाने कॉर्नेट धरलं म्हणजे झालं," आत्या म्हणाली. "त्यातच सगळं आलं."

तिघांच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला. ते पुढचं वर्ष पुन्हा एकदा सरकत सरकत एथेलपाशी आलं होतं. तिने ते पुढे सरकवलं नाही.

"गिल्बर्ट येणार नाही."

"तार केलीय मी!" काका म्हणाले.

"पोचली असेल. उद्या येणार नाही काका, आणि पुढच्या वर्षीही नाही. आपल्या सगळ्यांना माहीत आहे."

परातीत थेंब पडले. ज्युलियाचा हात कोटाच्या बटणावर थांबला.

"तुझ्या बापालाही माहीत होतं?"

"पापांनी कॉर्नेट धाकूला दिलं ना, आय."

ज्युलियाने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. जणू एवढी मोठी गोष्ट तो आपल्याला न सांगता गेला, याचा जाब विचारणार होती. मग तिने पदराने त्याच्या कपाळावरचं दव पुसलं.

"मग आजच न्या," ती म्हणाली. "बर्फात ठेवू नका आणखी. थंडी सोसत नाय त्याला."

आत्या एका बाजूला तोंड फिरवून रडायला लागली. रुडॉल्फ काका उठले. "मग लाल कोटवाल्यांकडे जातो मी."

"नको. आपली पोरं वाजवतील."

"काय वाजवतील?"

"ते."

"आणि शिकवणार कोण? चार वाजेपर्यंत?"

"मी."

काका हसले, पण त्यात हसू नव्हतं. "कुठल्या पुस्तकात वाचलंस?"

एथेलने त्यांचा हात धरला, बाही वर सारली आणि कोपराखाली तीन बोटं टेकवली. पहिला सूर, लांब. दुसरा. तिसऱ्यावर ती थांबली, दाबून राहिली आणि मगच बोट उचललं. काकांनी डोळे मिटले. हे दाबणं त्यांच्या ओळखीचं होतं. त्यांना ज्याने शिकवलं तो समोर फळीवर होता.

"हे तुला... कधी?"

"पाढे शिकताना."

काकांनी बाही खाली केली, पुन्हा वर केली. "बोटं दाबून सूर येत नाय, पोरी. ओठ लागतो. जुळ्यांचा ओठ कच्चा हाय. क्लॅरिनेटवाला मागून येईल, पण पुढे कॉर्नेट कोण धरणार?"

"धाकू."

लूर्डस आत्या वळली. डोळे अजून ओले होते. "तो या दारात आला, तर मी माझ्या भावाच्या पेटीमागे चालणार नाय. सांगून ठेवते."

बोलून झाल्यावर ती खुर्चीत बसली. एथेलने आईकडे पाहिलं. ज्युलियाने मास्तर बँडच्या पुढे चालताना धरायचे ती छडी खुंटीवरून काढून आपल्या मांडीवर ठेवली.

चाळीच्या टोकाच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. कुंदाने एथेलला पाहिलं आणि ती आत गेली. बाहेर आली तेव्हा हातात जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं कॉर्नेट होतं.

"ह्या घेवन जावा बाई. सगळी म्हणतत, माझ्या झिलान मास्तरांका खाल्ल्यान. माका काय म्हायत? आमच्यात असा काय नाय."

"मी कॉर्नेट न्यायला आले नाही, कुंदाबाई. धाकूला न्यायला आलेय."

"कशाक? मारूक?"

धाकू खिडकीपाशी पाठ करून बसला होता. खिडकीतून कबरस्तानाची भिंत, भिंतीवरून क्रूसांचे शेंडे, आणि दोन माणसांचे फावडे उचलणारे हात दिसत होते. काल दुपारपासून पोराने जेवण घेतलं नाही, असं कुंदा म्हणाली.

"मी वाजवलं म्हणून मेले?" त्याने न वळता विचारलं.

एथेलजवळ याची उत्तरं होती. आजाराची होती, वयाची होती, देवाच्या मर्जीचीही होती. वर्गात तिने कुठलंही दिलं असतं. ती त्याच्याजवळ जमिनीवर बसली.

"तू वाजवलंस, त्यानंतर संध्याकाळी पापा काय करत होते सांगू? हात दे."

पोराने नाइलाजाने हात पुढे केला. तिने बोटं टेकवली. पहिला, दुसरा. तिसऱ्यावर बोट उचललं, पुन्हा तिथेच आणलं, पुन्हा तिथेच.

"तिसरा सूर तू लवकर सोडतोस. तो धरायचा असतो. माणसाला खाली ठेवताना घाई करत नाहीत, असं म्हणाले. मग माझ्या हातावर तेच दुरुस्त करत बसले. मरणाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. तुझ्या तिसऱ्या सुराबद्दल बोलले."

धाकूची मान आता वळली.

"माझी चूक?"

"तुझीच. पाळी आली की हातावर शिकवीन म्हणाले होते ना? तेवढं राहिलं होतं. ते मी करते."

धाकूने आईच्या हातातून ते लुगड्याचं गाठोडं घेतलं. कुंदा त्याला अडवायला एक पाऊल पुढे आली, मग मागे सरली आणि त्याच्या शर्टाची कॉलर नीट करू लागली.

अंगणात पोरं रांगेत होती. कुणाचा गणवेश मोठा, कुणाचा आखूड. पहिल्या पोराच्या हातावर एथेल दाबत गेली, मग त्याने शेजाऱ्याच्या, शेजाऱ्याने पलीकडच्याच्या. आत जपमाळ पुन्हा सुरू झाली होती आणि बाहेर त्या प्रार्थनेच्या चालीखाली सगळी पोरं गाल न फुगवता, आवाज न करता एक गाणं शिकत होती. सगळं गाणं एका दुपारात येणं शक्य नव्हतं. एथेलने पहिल्या तीन ओळी धरल्या. त्याच फाटकापर्यंत पुन्हा पुन्हा. बाकीच्यांनी फक्त खालचे सूर धरून चालायचं, वरचं सगळं धाकू. रुडॉल्फ काका ड्रमच्या कातड्यावर टॉवेल टाकून ठोका दाखवत होते.

"पुन्हा. सावकाश. उजवीकडचे, तुमची बोटं धावतायत."

"बाई, हात दुखला," जुळ्यांतला एक म्हणाला.

"डावा दे."

लूर्डस आत्या दारात येऊन उभी राहिली होती. धाकूला तिने पाहिलं होतं आणि त्यानेही तिला. दार आणि रांग यांच्यामधलं अंगण दोघांनीही ओलांडलं नाही. मग जुळ्यांतल्या दुसऱ्याने कंटाळून आपलं कॉर्नेट ओठांना लावलं. गाल फुगले. एथेल पोचायच्या आत धाकूने त्याच्या हातावर फाडकन मारलं.

"फुंकायचं नाय! पेटी उचलल्याशिवाय नाय, म्हाइत नाय तुला?"

आत्या आत गेली. एथेलला वाटलं, आता ती चपला घालून घरी जाणार. पण ती परत आली, हातात चण्यांचं पातेलं आणि एकच चमचा.

"ओंजळी करा," ती म्हणाली. "रिकाम्या पोटी फुंकलं की चक्कर येते. दादा असाच पडला होता एकदा, बांद्र्याच्या जत्रेत." ती रांगेने वाढत गेली. धाकूपाशी चमचा थांबला. "तुला माफबिफ केलं नाय मी. समजलं? खा."

"हो, आत्या," धाकू म्हणाला.

"आत्या कोणाला म्हणतोस रे?" असं म्हणून तिने त्याला आणखी एक चमचा वाढला.

चार वाजता पेटी दारात आली. खांदेकरी थांबले. बाहेर सगळं गावठण उभं होतं, भिंतीच्या बाजूला चाळीतली चारसहा माणसं, त्यांत कुंदा. ज्युलिया काळ्या लुगड्यात बाहेर आली आणि तिने मांडीवर धरून ठेवलेली ती छडी एथेलच्या हातात दिली.

"बाजाच्या पुढे बाईमाणूस?" गर्दीतून कुणीतरी पुटपुटलं.

"त्याच्याजवळ तीच बसली," ज्युलिया म्हणाली.

पेटी उचलली गेली. आता वाजवायला मोकळीक होती. पण वाद्यं वर झाली नाहीत. पोरं खांबासारखी उभी होती आणि समोर बघत होती. रुडॉल्फ काकांनी ड्रमचा पट्टा खांद्यावर सावरला, दांडी उचलली, तरी कुणी हललं नाही. घाबरली असतील, असं गर्दीला वाटलं असेल. एथेलला मात्र कळलं. काही विचारल्याशिवाय कसं सुरू करायचं, हे या पोरांना कुणी शिकवलंच नव्हतं.

काकांनाही ते कळलं. त्यांनी पेटीकडे पाहिलं, घसा खाकरला.

"कोण कोण हाय?"

"मी हाय," रांगेच्या शेपटीचा पोरगा म्हणाला.

"मी हाय."

"मी हाय."

जुळे दोघं एकदम म्हणाले. मग क्लॅरिनेट. मग सगळ्यात शेवटी धाकू, गिल्बर्टचं कॉर्नेट छातीशी धरून, काकांकडे नाही तर पेटीकडे बघत.

"मी हाय, मास्तर."

रांग संपली. काकांची दांडी वर गेली आणि तशीच राहिली, कारण एथेल अजून पायरीवर होती. छडी तिच्या हातात होती आणि पाय उचलत नव्हता. तिला रविवारची संध्याकाळ आठवली, रिकामं अंगण, हातातले कप. उत्तर तेव्हाही तोंडाशीच होतं.

ती पायरी उतरली. रांगेच्या पुढे, जिथे मास्तर उभे राहायचे तिथे, येऊन थांबली. मग सगळ्या गावठणाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली,

"मी हाय, पापा."